हिरव्या बनातीचं दार

१९ नोव्हेंबर १९५६, सोमवार

बहात्तर पावलं. आज मोजलीच शेवटी. स्वयंपाकघरापासून जेवणाच्या टेबलापर्यंत बहात्तर पावलं, त्यात दोन वळणं, सात पायऱ्या आणि मध्ये ते हिरव्या बनातीचं दार. सूप पोचेपर्यंत त्याच्यावर साय धरलेली असते. बाबा ती चमच्यानं बाजूला सारतात आणि म्हणतात, "छान झालंय." एक्क्याऐंशी वर्षं हा माणूस गार सूप पितो आहे. सूप असंच असतं असं त्याला वाटतं.

सगळं त्या जोसाया थर्लबीमुळे. आमचा पूर्वज. १७६८ मध्ये मार्ल्सकोमचं हे घर बांधताना त्याला बाहेरून नऊ खिडक्या एका ओळीत हव्या होत्या. आत राहणाऱ्यांनी आपलं आपण बघून घ्यावं! नऊपैकी दोन खिडक्या नुसत्या रंगवलेल्या आहेत, मागे धुराड्याची भिंत. वरच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत खिडकी माझ्या गुडघ्याशी येते, बाहेर बघायचं तर जमिनीवर पालथं पडावं लागतं. दर्शनी खांब उत्तरेला, कारण पाहुण्यांचा रस्ता उत्तरेकडून. ऊन मिळतं ते मागच्या बाजूच्या कोळशाच्या कोठीला.

स्वयंपाकाचा वास नको म्हणून स्वयंपाकघर घरापासून तोडून वेगळं बांधलं आणि वाकड्या बोळकांडीनं जोडलं. नोकरांचा आवाज नको म्हणून मधल्या दारावर जाड हिरवी बनात, म्हणजे लोकरी कापड, ठोकली. जोसायाचं नाक आणि कान सुखी झाले. बाकीचं घर तेव्हापासून गारठलेलं आहे.

१० जानेवारीला मला लीड्सला हजर व्हायचं आहे. सेहेचाळिसाव्या वर्षी मुख्याध्यापिका होते आहे, आणि तीही माझ्या मनासारख्या शाळेची. जुन्या नोकरीचा राजीनामा देऊन झाला. तोवर बाबांची सोय लागली पाहिजे. नाही लागली तर मी इथेच. मग पुढची वीस वर्षं सायीचं सूप.

२० नोव्हेंबर

बॉयलर बंद. म्हणजे अजून बंदच. युद्धात इथे पलटण राहून गेली तेव्हाच तो फुटला. बाबा मात्र रोज सकाळी म्हणतात, "आज बंद दिसतोय."

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

बाबा पडले. मोठ्या जिन्यावर, खालून चौथ्या पायरीवरून.

हा जिना बघायला लोक लांबून पत्रं लिहून येतात. भिंतीतून नुसत्या दगडी पायऱ्या निघाल्यात, खाली कसलाही आधार नाही, काय ही कारागिरी! आधार नाही हे खरं आहे. कठडा एवढा बुटका की म्हाताऱ्या माणसानं धरायचं म्हटलं तर आधी वाकायचं. वाकले, आणि तोल गेला.

डॉ. पॅजेट आले. हाड मोडलेलं नाही. "नशीब समजा," म्हणाले. "आता जिना बंद. तळमजल्यावर एक उबदार खोली, शेजारी न्हाणीघर. कडक थंडीच्या आत. छाती चांगली नाही त्यांची, मी स्पष्टच सांगतो. बावन्न खोल्यांत अशी एखादी असेल ना?"

मी मनातल्या मनात बावन्न खोल्या फिरून आले. एकही नाही. तळमजल्यावर न्हाणीघर नाही, कारण थर्लबी खाली आंघोळ करत नाहीत. पुस्तकांच्या खोलीत तात्पुरता पलंग टाकला, तर शेकोटी पेटवल्याबरोबर खोलीभर धूर. बाहेरून छपरावर धुराडी सारख्या अंतरावर दिसावीत म्हणून जोसायानं त्यांचे नळ भिंतीत आडवे फिरवले आहेत. धूर बिचारा वळता वळता दमतो आणि परत खाली येतो.

आहे ती एकच जागा, दारापलीकडे. स्वयंपाकीणबाईची, मिसेस येंडलची, बसायची खोली. बुटकं छत, स्वयंपाकाच्या शेगडीची धग भिंतीतून येते, आणि पलीकडेच न्हाणीघर. मला आधी कसं सुचलं नाही!

२५ नोव्हेंबर, रविवार

बाबांना सांगितलं.

"तिकडे मी जात नाही," म्हणाले.

"आपल्याच घरात? एक्क्याऐंशी वर्षांत एकदाही नाही?"

"कुणी बोलावलं नाही."

मी हसले. ते हसले नाहीत. मग वर्तमानपत्र उघडून सुएझच्या बातम्या वाचू लागले. ऐकायचं नसलं की बाबांना नेहमी परराष्ट्र धोरण आठवतं.

"आणि मिसेस येंडल?" मध्येच विचारलंन.

"त्यांची सोय मी केली आहे," मी म्हटलं, आणि टेप शोधायला गेले.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

मापं घेतली. खोली चौदा फूट बाय अकरा. पलंग मावतो, आरामखुर्ची मावते, तिचं शिवणाचं कपाट काढलं तर लिहायचं टेबलही मावेल. मिसेस येंडल खुर्चीत बसून मोजे विणत होती. मी टेप लावत तिच्यापर्यंत पोचले तेव्हा तिनं पाय वर उचलले.

"दुसरं टोक धरू का, मिस हेस्टर?"

"नको, झालंच."

मिसेस येंडल नावापुरतीच मिसेस. लग्न झालेलं नाही, पण मोठ्या घरातल्या स्वयंपाकीणबाईला मिसेसच म्हणायचं ही इथली रीत. एकोणीस नोकर होते, त्यातली उरलेली ही एक. १९१९ साली भांडी घासायला आली ती आजतागायत.

तिलाही माझी योजना सांगितली. तिच्यासाठी वरची निळी खोली! चिनी कागद लावलेल्या भिंती, त्यावर पक्षी, आणि तलाव दिसणाऱ्या दोन खिडक्या. स्वयंपाकघराच्या खिडक्या जोसायानं मुद्दाम सहा फुटांवर केल्या, कामवाल्यांनी बागेतल्या मालकांकडे बघू नये म्हणून. सदतीस वर्षं या बाईला आभाळाशिवाय काही दिसलं नाही. आता पलंगावर पडून तलाव बघेल. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, हे इथे लिहून ठेवते.

"बरं, मिस हेस्टर," म्हणाली. ती सगळ्यालाच 'बरं' म्हणते.

१ डिसेंबर

बाबा: नाही.

३ डिसेंबर, सोमवार

आजची कारणं. सकाळी, तिकडे पुस्तकं राहणार नाहीत. दुपारी, कुत्रा नाराज होईल (कुत्रा मरून सहा वर्षं झाली). चहाच्या वेळी, "त्या बाजूला घंटा कुठे असते?"

"बाबा, त्या बाजूला घंटा वाजते. वाजवायची या बाजूला."

"तेच म्हणतोय मी," म्हणाले.

डोकं फिरायची वेळ आली आहे माझी. लीड्समध्ये चारशे मुली माझं ऐकणार आहेत. इथे एक म्हातारा माणूस दाद देत नाही. मी सरळ म्हटलं, "हा निव्वळ खानदानी ताठा आहे. स्वयंपाकघराशेजारी झोपलं तर थर्लबींचं नाक कापलं जाईल, एवढंच ना?" बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग खोकला आला, आणि तो थांबेना. धुरानं डोळे लाल झाले होते त्यांचे. मी पाणी दिलं, पाठ चोळली. एवढीशी पाठ राहिली आहे. मला रडूच यायला लागलं, आणि त्याचाही राग आला.

६ डिसेंबर

तलावावर बर्फाची साय. डॉ. पॅजेट म्हणाले, "अजून इथेच?" मी मान खाली घातली, शाळेतल्या मुलीसारखी.

७ डिसेंबर, शुक्रवार

बस्स झालं. दार काढलं.

गावातला सुतार, म्हातारा विलकॉम, त्याला बोलावून आणलं. मोठा पलंग त्या दारातून वळत नव्हता हे एक कारण. पण खरं सांगायचं तर मला ते दार नकोच होतं. दोनशे वर्षं माणसांचे दोन भाग करून ठेवलेत त्यानं. विलकॉमनं तीनदा विचारलं, "नक्की ना, मिस? साहेबांना विचारलंय?" मी म्हटलं, बिजागऱ्या काढ. त्यानं काढल्या. दार बोळकांडीत भिंतीला टेकवून ठेवलं. बनातीमागे जुना घोड्याच्या केसांचा थर निघाला, धुळीनं भरलेला.

काय गंमत! दार गेल्याबरोबर दोन्हीकडचे आवाज एक झाले. शेगडीवरचं भांडं इकडे ऐकू येत होतं, कांदा परतल्याचा वास जेवणाच्या खोलीपर्यंत आला. मी त्या मोकळ्या चौकटीत उभी राहून जोसायाला मनातल्या मनात चार शब्द सुनावले. मग पलंगाचे भाग नेऊन तिच्या दाराबाहेर ठेवले. उद्या लावायचे.

८ डिसेंबर, शनिवार

सकाळी चहा नाही. न्याहारी नाही. घंटा वाजवली, उत्तर नाही.

गेले तर चौकटीत जाड राखाडी घोंगडं लटकवलेलं, वरून चार खिळे ठोकून. त्याच्या पलीकडे मिसेस येंडल उभी. कामाचा एप्रन नाही. चर्चला जायचा काळा कोट अंगात.

"हे काय?" मी विचारलं.

"दार," म्हणाली. "तुम्ही माझं काढलंत, म्हणून हे लावलं."

तुमचं दार? मी म्हणणार होते. तिनं बोलू दिलं नाही. सदतीस वर्षांत ती माझ्याशी एवढं कधी बोलली नव्हती. आठवेल तसं लिहिते.

"मिस हेस्टर, मी आले तेव्हा चौदा वर्षांची होते. तुमच्या बाजूला शेकोट्या साफ करायला जायचं, आणि कुणी समोरून आलं तर भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. पाठ दिसली तर चालायची, चेहरा नाही. मग इकडे यायचं, दार मिटायचं, की मी माणूस. हसायची, ओरडायची, रडायचीसुद्धा. ते दार आमच्यापासून तुम्हाला राखायला केलेलं, ते काय मला कळत नाही? पण मलाही ते तुमच्यापासून राखत होतं. तुमच्यातलं कुणी न विचारता इकडे आलं नाही कधी. तुमच्या आईसाहेब चिठ्ठी पाठवायच्या, 'अकराला आले तर चालेल का, मिसेस येंडल?' घराची मालकीण! आणि तुम्ही टेप घेऊन आलात. मी बसलेली असताना माझ्या पायाखालून टेप नेलीत."

"पण मी तुम्हाला निळी खोली…"

"निळी खोली मी पाच वर्षं झाडली आहे. तिथे भांड्यातलं पाणी गोठतं. आणि पक्षी बघत पडायला मला वेळ कुठला?"

"तुम्ही 'बरं' म्हणाला होतात," मी म्हटलं. किती केविलवाणं!

"तुम्ही विचारलं नव्हतंत. सांगितलं होतंत. सांगितल्यावर बरंच म्हणायचं असतं." मग कोटाची बटणं लावत म्हणाली, "माइनहेडला बहीण आहे माझी. नाताळ साहेबांसाठी करीन. मग जाईन."

तोंडात मारल्यासारखी परत आले.

पुस्तकांच्या खोलीत बाबा धुरात बसले होते, मांडीवर रजई. त्यांना कळलं होतं. दार नसल्यामुळे सगळं ऐकू आलं असणार.

"दार परत बसव," म्हणाले.

"बाबा, मला वाटलं तुम्ही ताठ्यापायी नाही म्हणताय."

"ताठा? दोन खिडक्या रंगवलेल्या घरात राहून?" खोकला. "अगं, ते घर त्यांचं आहे. लहानपणी मी एकदा बोळकांडीतून धावत गेलो होतो, चेंडूमागे. सगळे जेवत होते, हसत होते. मी दिसलो आणि अठरा माणसं एकदम उठून उभी राहिली. तोंडातला घास तसाच. मी चेंडू न घेता परत आलो. त्यानंतर गेलो नाही."

"मग हे सांगायचं नाही का?"

"सांगत होतो. तू मापं घेत होतीस."

१० डिसेंबर, सोमवार

विलकॉम आला, दार बसवून गेला. काम करताना सारखी शीळ घालत होता. ती शीळ मला कळली.

११ डिसेंबर

तिची माफी मागायला गेले. पण जाऊ कशी? दार ढकलून जायचं नाही, मग वाजवायला हवं. बनातीवर बोटं आपटली, आवाजच नाही. मूठ आपटली. धप्प. आत काही ऐकू जाणं शक्य नाही. या घरात दोनशे वर्षं हे दार कुणी वाजवलेलंच नाही, कारण ते वाजतच नाही! जोसाया, तुझ्या कारागिरीला दंडवत.

परत फिरले.

१४ डिसेंबर

चिठ्ठी पाठवली, जेवणाच्या ताटातून. 'मिसेस येंडल, माझं चुकलं. हेस्टर थर्लबी.' ताट धुऊन परत आलं. चिठ्ठी नाही, उत्तरही नाही.

१९ डिसेंबर, बुधवार

पेट्रोल रेशनवर गेलं. डॉ. पॅजेट सायकलवर आले, नाक लाल, मिजास कायम. बाबांची छाती ऐकली आणि मला बाहेर बोळकांडीत नेलं. "फेब्रुवारीपर्यंत या धुरात राहिले तर मी हमी देणार नाही. एवढंच सांगतो." मी म्हटलं, शहरातल्या एखाद्या शुश्रूषागृहात? "विचारून बघा त्यांना," म्हणाले.

विचारलं. बाबा म्हणाले, "तिथे माझ्याबरोबर खोलीत कोण असेल?" "दुसरे पाच जण." "त्यांना विचारलंय का?"

आता या माणसावर रागवावं तरी कसं? पण मी रागावले. खूप रागावले. खोलीभर फिरून बडबडले, शेकोटीला लाथ मारली, बोट सुजलं.

२५ डिसेंबर, मंगळवार

नाताळ. हंस भाजलेला उत्तम, पोचेपर्यंत कोमट. मिसेस येंडलनं स्वतः आणून ठेवला, बाबांच्या उजवीकडून वाढला. बाबा म्हणाले, "मिसेस येंडल, यंदा तुमच्या बाजूला किती जण आहेत जेवायला?"

"मी एकटी, साहेब."

"अच्छा," बाबा म्हणाले. "इकडे आम्ही दोघं."

ती गेली. बहात्तर पावलं.

२९ डिसेंबर, शनिवार

लीड्सला पत्र लिहिलं. 'घरगुती अडचणींमुळे पद स्वीकारू शकत नाही.' तीन वेळा लिहिलं, तीन वेळा फाडलं, चौथ्यांदा पाकिटात घातलं. तिकीट लावलं. मुख्याध्यापिकेच्या खोलीला दोन मोठ्या खिडक्या आहेत, दक्षिणेला. कमरेच्या उंचीवर, जिथे खिडकी असायला हवी तिथे. मुलाखतीच्या दिवशी मी त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिले होते.

बाबांना सांगितलं नाही. मिसेस येंडल गुरुवारी जाणार. त्यानंतर चूल माझ्याकडे. मला अंडं उकडता येतं.

३१ डिसेंबर

बाबांनी तपकिरी कोट मागितला, तो चांगला. ब्रश करून दे म्हणाले. दाढी स्वतः केली, हनुवटीवर कापलं. "कुठे जायचंय?" विचारलं तर म्हणाले, "तू पोस्टात जाणार होतीस ना? जा जाऊन ये, उगीच माझ्यावर पहारा नको."

बर्फात दोन मैल चालत गेले, पोचेपर्यंत पोस्ट बंद झालेलं. पत्र कोटाच्या खिशात घेऊन परत आले. बाबा खुर्चीत डोळे मिटून, कोट अंगात, कोटाला स्वयंपाकघराचा वास, गुडघ्यावर काठी. दमलेले दिसले. मी ओले बूट काढायला गेले. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं.

२ जानेवारी १९५७, बुधवार

सकाळी पुस्तकांच्या खोलीत गेले तर बाबा नाहीत. पलंगावर रजई नाही. दाढीचं सामान नाही, सपाता नाहीत, चष्मा नाही. मी जिन्याकडे धावले, खाली कुणी पडलेलं नाही. बाहेर धावले, बर्फावर पावलं नाहीत. मग बोळकांडीतून धावले, दार ढकलायला हात पुढे केला आणि तसाच थांबवला. श्वास घेतला. बनातीवर नाही, चौकटीच्या लाकडावर बोटांनी तीनदा टकटक केलं.

आत खुर्ची सरकली. काठीचा आवाज, सावकाश, जवळ आला.

"कोण?" बाबांचा आवाज.

"मी हेस्टर. आत येऊ?"

"थांब जरा," बाबा म्हणाले. "मिसेस येंडलना विचारून सांगतो."